वागाक्की बँड: शामिसेन, कोतो आणि गावचा साउंड

'सेनबोनझाकुरा' हे गाणं यूट्यूबवर 10 कोटींहून जास्त वेळा पाहिलं गेलंय, त्यामुळे वागाक्की बँड या जपानी रॉक गटाचं नाव शोधलं की सगळ्यात आधी तेच समोर येतं. ते एकदा ऐकून पुढे जाणाऱ्यांच्या हाती या गटाचं निम्मंही काम लागत नाही. 2014 ते 2018 या काळातले त्यांचे चारही अल्बम पूर्ण ऐकावेत असे आहेत, त्यानंतरचे निवडून ऐकावेत. पण कुठल्या क्रमाने ऐकता आणि कशावर ऐकता, यावर फार काही अवलंबून आहे. चुकीच्या स्पीकरवर या संगीतातली अर्धी वाद्यं कानापर्यंत पोचतच नाहीत.

गट 2013 मध्ये जमला. एकूण आठ जण. युको सुझुहाना गाते, माचिया गिटार वाजवतो आणि गातोही, आसा बास गिटारवर, वासाबी ड्रमसेटवर. ही झाली रॉकची बाजू. दुसऱ्या बाजूला पारंपरिक जपानी वाद्यं: बेनी निनागावा शामिसेन या तीन तारांच्या वाद्यावर, कियोशी इबुकुरो कोतो या आडव्या तंतुवाद्यावर, दाइसुके कामिनागा शाकुहाची या बांबूच्या बासरीवर आणि कुरोना जपानी ढोलांवर. चारास चार. 2024 च्या अखेरीपासून त्यांनी बेमुदत विश्रांती घेतली आहे, म्हणजे आज जे ध्वनिमुद्रित आहे तेवढंच आपल्या हाती आहे.

अशा मिश्र संगीताला माझी कसोटी एकच असते. पारंपरिक वाद्य काढून घेतलं तर गाणं तसंच उभं राहतं का? राहत असेल तर ते वाद्य शोभेला ठेवलेलं आहे. आपल्याकडच्या कितीतरी फ्यूजन गाण्यांत सुरुवातीला संबळ किंवा तुतारी येते, आठ आवर्तनं झाली की ती जाते आणि पुढे सगळं कीबोर्ड आणि पॅडवर चालतं. वागाक्की बँडच्या चांगल्या गाण्यांत शामिसेन काढा, गाण्याचा कणाच जातो, कारण मुख्य धून तिच्यावर बसवलेली असते आणि गिटार तिला खालून टेकू देत असते.

विदर्भातल्या कानाला हे परकं वाटायचं कारण नाही. वरातीत आणि गणपतीत वाजणाऱ्या बेंजो पार्टीतला बेंजो मूळचा जपानचाच. गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये नागोया शहरात ताइशोगोतो नावाचं तंतुवाद्य बनवलं, त्याला टाइपरायटरच्या धर्तीवर कळा बसवल्या. भारतात आल्यावर ते बुलबुलतरंग झालं, पुढे त्याला पिकअप (कंप पकडून अँप्लिफायरला देणारा भाग) लागला, ते अँप्लिफायरला जोडलं गेलं आणि बेंजो म्हणून गावोगाव पोचलं. जपानी बनावटीचं तंतुवाद्य, त्याच्या मागे ऑक्टोपॅड आणि ढोल, हे मिश्रण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आणि एका लहानशा चामडी वाद्यावर अख्खं गाणं कसं तोलता येतं हे तर गावच्या कोणत्याही खंजिरी भजन मंडळाला विचारावं. तुकडोजी महाराज 1955 साली जपानला विश्वधर्म परिषदेला गेले होते. त्यांच्या खंजिरीवर वाढलेल्या माणसाला या संगीतातले ढोल समजावून सांगावे लागत नाहीत.

आता वाद्यांकडे वळू. ती ओळखीची झाली की ऐकण्यातला आनंद दुप्पट होतो.

शामिसेनला तीन तारा असतात आणि पडदे नसतात. बँडमध्ये आहे ती त्सुगारू जातीची, जाड दांड्याची. होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरी प्रांत आहे, तिथे दारोदार फिरून वाजवणाऱ्या अंध वादकांनी ही शैली घडवली. त्यांच्या परंपरेतले सर्वात नावाजलेले वादक म्हणजे ताकाहाशी चिकुझान (1910–1998). बाची नावाच्या रुंद, पात्यासारख्या नखीने हे वाजवतात. बाची तार छेडते आणि त्याच झटक्यात खालच्या चामड्यावरही आपटते, त्यामुळे सूर आणि ठोका एकदमच येतात. चामडं फाटू नये म्हणून आघाताच्या जागी वेगळा तुकडा चिकटवलेला असतो. सगळ्यात जाड तार वरच्या बाजूला दांड्याला किंचित घासेल अशी ठेवतात, त्यातून जो झणकार निघतो त्याला सावारी म्हणतात. आपल्या तंबोऱ्याच्या जवारीचंच तत्त्व आहे हे. पहिल्या ऐकण्यात हा झणकार स्पीकर फाटल्यासारखा वाटतो आणि लोक ट्रेबल कमी करतात. तसं करू नका, तोच या वाद्याचा खरा आवाज आहे.

गिटारच्या गोंगाटात शामिसेन ऐकू का येते, यालाही कारण आहे. डिस्टॉर्शन लावलेल्या, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका केलेल्या गिटारचा आवाज लांब पसरतो आणि मधल्या पट्टीत भिंत उभी करतो. शामिसेनचा आघात आखूड आणि टोकदार, त्याचा जोर 2 ते 5 किलोहर्ट्झच्या आसपास, आणि तो लगेच विरतो. दोन आघातांमध्ये गिटारला जागा मिळते, गिटारच्या वरून आघात निसटून येतो. दोघांचं जमतं.

कोतोचं जमणं अवघड. साधारण सहा फुटांचं, हलक्या किरी लाकडाचं हे वाद्य, 13 तारांचं. प्रत्येक तारेखाली सरकणारी घोडी असते, उजव्या हाताच्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात नख्या घालून वाजवतात, डाव्या हाताने तार दाबून सूर चढवतात. आवाज गोड, पण नाजूक, आणि नेमका गिटारच्याच मधल्या पट्टीत बसणारा. म्हणून जोरकस गाण्यांत कोतो गिटारखाली दबते. हा या बँडच्या ध्वनिमिश्रणातला खरा उणा भाग, आणि पहिल्या अल्बममध्ये तो जास्त जाणवतो. ज्या गाण्यांत गिटार कडव्याला मागे सरते तिथे कोतो काय करते ते नीट ऐका. मंचावर आणखी एक अडचण असते. साधा माइक लावला तर त्यात कोतोपेक्षा शेजारचे ढोलच जास्त शिरतात, म्हणून अशा ठिकाणी वाद्याला चिकटणारा पिकअप लागतो. गाण्याचा सूर बदलला की 13 घोड्या पुन्हा सरकवाव्या लागतात ते वेगळंच.

रागदारी थोडीफार जाणणाऱ्यांसाठी एक खूण देतो. कोतोच्या हिराजोशी या प्रचलित जुळणीत जे पाच सूर येतात, त्यांतला योग्य सूर षड्ज मानला तर सा, कोमल रे, म, प, कोमल ध मिळतात. हा आपला गुणकलीचा सूरसमूह. शाकुहाचीची भोकं मुरड न घालता सरळ उघडत गेलं तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी येतात. ती धानी. चलन वेगळं असतं, श्रुतीही तंतोतंत जुळत नाहीत, पण हार्मोनियमवर हे पाच-पाच सूर धरून बसलात तर बहुतेक धुना पकडता येतात. भजनी मंडळातल्या पेटीवाल्याने हा प्रयोग जरूर करावा.

शाकुहाची म्हणजे उभी धरून टोकावर फुंकायची बांबूची बासरी. प्रमाण लांबी साधारण 54.5 सेंटिमीटर, पुढे चार आणि मागे एक अशी पाच भोकं. आपल्या आडव्या बासरीपेक्षा हिचा बांबू जाड भिंतीचा, मुळाकडच्या गाठीसकट घेतलेला. हनुवटी खाली-वर करून सूर उतरवतात-चढवतात, डोकं हलवून कंप आणतात. दाइसुके कामिनागा जोरकस जागी श्वासाचा मोठा झोत सुरात मिसळतो, तेव्हा सूर कमी आणि वारा जास्त ऐकू येतो. ही वारेदार फुंक स्वस्त स्पीकरवर नुसती खरखर वाटते. तिचा खरा पोत वरच्या कंपनांत असतो, आणि कमी दर्जाच्या एमपी3 मध्ये सर्वात आधी बिघडतो तो हाच.

ढोलांबद्दल थोडक्यात. मोठा नागादो ढोल एकाच ओंडक्यातून कोरलेला असतो, गायीच्या कातड्याने मढवून खिळ्यांनी ठोकलेला. लहान शिमे ढोल दोरीने ताणलेला, आवाज कडक. मोठा ढोल आणि ड्रमसेटचा पायाने वाजवायचा किक ड्रम दोघंही साधारण 60 ते 100 हर्ट्झच्या पट्टीत बोलतात, एकाच वेळी वाजले तर खाली चिखल होतो. वासाबी आणि कुरोना यांनी हे कामं वाटून सोडवलंय. ड्रमसेट लय चालती ठेवतो, जपानी ढोल तिला जागोजागी उचल देतात. मैफलीच्या चित्रफितींत या दोघांची जुगलबंदी असते ती चुकवू नका. डफाच्या मंडळींना त्यातली सवाल-जवाबाची रीत लगेच ओळखीची वाटेल.

आता अल्बम. पहिला 'वोकालो झानमाई', एप्रिल 2014. यातली गाणी त्यांची स्वतःची नाहीत. हात्सुने मिकू नावाचं गाणारं सॉफ्टवेअर 2007 मध्ये आलं, त्याच्यासाठी लोकांनी रचलेली गाणी बँडने आपल्या वाद्यांवर बसवली. 'सेनबोनझाकुरा' त्यातलंच, मूळ रचना 2011 ची, लय मिनिटाला 154 ठोक्यांची. सॉफ्टवेअरला श्वास घ्यावा लागत नाही, म्हणून या चालींत उड्या आणि पळ भरपूर. त्या माणसाच्या गळ्यातून काढताना सुझुहाना शिगिनची तालीम कामाला लावते. शिगिन म्हणजे कविता संथ, दीर्घ सुरात म्हणण्याची जपानी रीत. तिच्यातली सुराच्या शेवटी येणारी मुरड रॉकच्या वेगातही टिकते, हे या अल्बमचं मोठं यश. दोष हा की सगळं एका पट्टीत, सतत भरलेलं. सलग ऐकलं तर पाचव्या-सहाव्या गाण्यापाशी कान थकतो.

म्हणून सुरुवात दुसऱ्या अल्बमपासून करा. 'यासो एमाकी', सप्टेंबर 2015. इथे बँडची स्वतःची गाणी आली आणि ती वाद्यांना डोळ्यासमोर ठेवूनच रचलेली आहेत. 'इकुसा' आणि 'नादेशिकोझाकुरा' ही दोन आधी. पहिल्या फेरीत फक्त शामिसेनच्या मागे जा, दुसऱ्या फेरीत फक्त शाकुहाचीच्या. मग 'शिकिसाई' (2017). माझ्या मते हा त्यांचा सर्वात समतोल अल्बम, कारण यात संथ गाण्यांना जागा आहे आणि कोतोला बोलायला अवकाश मिळतो. 'ओकिनोतायू' हे संथ गाणं रात्री उशिरा, गावातला आवाज निवल्यावर ऐकावं असं. 'ओतोनोए' (2018) जास्त जड आणि जास्त सफाईदार, ढोलवाल्यांना हाच आवडेल.

2020 च्या 'टोकियो सिंगिंग'मध्ये गिटार आणि गायन पुढे सरकलं, पारंपरिक वाद्यं बऱ्याच ठिकाणी रंग भरण्यापुरती उरली. एव्हानेसेन्स या अमेरिकी रॉक गटाच्या एमी ली हिच्याबरोबरचं 'साकुरा रायझिंग' मात्र ऐका. दोन गायिकांच्या मध्ये वाद्यांना नेमकी मोकळी जागा सोडली आहे. 2022 मध्ये पहिल्या अल्बमचा दुसरा भाग आला, 2023 मध्ये 'आय व्हर्सेस आय'. वादनात कुठेही उणीव नाही, पण वरची कसोटी लावली तर या काळातली थोडीच गाणी पूर्ण उतरतात.

शोधताना नाव रोमन अक्षरांत टाका आणि वागाक्कीत के दोनदा घ्या. एक के टाकला तर भलत्याच चित्रफिती येतात. गाणी गटाच्या अधिकृत वाहिनीवरूनच ऐका, कारण दुसऱ्यांनी चढवलेल्या प्रतींत वेग किंवा पट्टी बदललेली असते आणि पेटीवर सूर जुळत नाहीत.

डेटाचा हिशोब सोपा आहे. 320 केबीपीएसला (सेकंदाला 320 किलोबिट, हा वरचा दर्जा) मिनिटाला 2.4 एमबी जातात, 128 ला सुमारे 1 एमबी. 55 मिनिटांचा अल्बम वरच्या दर्जात साधारण 130 एमबीत बसतो, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये सहज. चित्रफीत याच्या कितीतरी पट डेटा खाते, तेव्हा आवाज ऐकायचा असेल तर संगीताच्या अॅपवर जा. रेंज रात्री बरी मिळते तिथे अॅपचा दर्जा स्वतःहून सर्वोच्चवर ठेवून डाउनलोड करून घ्यावं. आपोआपवर सोडलं तर रेंज पडली की दर्जा उतरतो, आणि शाकुहाचीची फुंक पाण्याखालून आल्यासारखी होते. मोबाइल दुकानातून पेन ड्राइव्हवर भरून मिळणाऱ्या फायली बहुतेक 128 च्या असतात. ढोल आणि बाससाठी त्या चालतील, शामिसेन-शाकुहाचीसाठी नाही.

पहिली ओळख वायरच्या इअरफोनवर करा, साध्यातला साधा चालेल. लहान ब्लूटूथ स्पीकरच्या दोन इंची पडद्यातून 100 हर्ट्झच्या खालचं जवळपास काही येत नाही, म्हणजे नागादो ढोल निम्मा गेला. एकाच डब्यात डावं-उजवं मिसळतं, कोतोची जागा पुसली जाते. शिवाय एक बॉक्स वायरवर आणि दुसरा ब्लूटूथवर असं कधीही जोडू नका. ब्लूटूथचा आवाज सुमारे 0.2 सेकंद मागून येतो, आणि 154 च्या लयीत एक ठोका 0.39 सेकंदांचा. दोन बॉक्समध्ये अर्ध्या ठोक्याचं अंतर पडतं, सगळी लय विस्कटते.

मंडईच्या जत्रेत, पोळ्याला किंवा नाटकाच्या मध्यंतरात हे मोठ्या साउंडवर वाजवायचं असेल तर ऑपरेटरने तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, वायर. फोनमधून निघणारी स्टीरिओ पिन मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड इनपुटमध्ये (दोन तारांतला फरक घेणारं इनपुट) घातली तर मिक्सर डाव्यातून उजवं वजा करतो. मधोमध ठेवलेलं सगळं नाहीसं होतं, म्हणजे गायिका, बास आणि किक. उरतो तो पोकळ आवाज, आणि दोष गाण्याच्या माथी जातो. एकाला दोन फाटे असलेली वायर घ्या, डावं-उजवं दोन वेगळ्या चॅनलमध्ये द्या. नुसतं डावं दिलं तरी एखादं वाद्य हरवतं.

दुसरी, इक्वलायझर. आपल्याकडच्या टॉपचे, म्हणजे वरच्या स्पीकरचे हॉर्न 2.5 ते 4 किलोहर्ट्झला आधीच टोचतात, त्यात शामिसेनचा आघात तिथलाच. 3.15 किलोहर्ट्झची पट्टी 3–4 डेसिबल खाली घ्या. त्याहून जास्त ओढली तर बाचीचा ठोकाच जातो. कोतो वर आणायची तर गिटारच्या गर्दीतले 250 ते 315 हर्ट्झ थोडे कमी करा, कोतो स्वतःहून वर येते. बेस बूस्ट बंद ठेवा आणि 40 हर्ट्झच्या खालचं कापून टाका. 18 इंची बेस तिथे नुसता हलतो, ढोलाचा ठोका मात्र ढिला पडतो.

तिसरी, आवाजाची पातळी. अशी ध्वनिमुद्रणं मुळातच दाबून सतत मोठ्या पातळीला ठेवलेली असतात. ढोलकीच्या गाण्यात दोन थापांच्या मध्ये स्पीकरला उसंत मिळते, इथे ती मिळत नाही, त्यामुळे त्याच पातळीला स्पीकरमधली कॉइल जास्त तापते. नेहमीपेक्षा 5–6 डेसिबल खाली ठेवूनच सुरू करा, तसं ठेवूनही कानाला पुरेसं मोठंच वाटेल.

मैफलीच्या डिस्क मागवणाऱ्यांसाठी सूचना. ब्लू-रेमध्ये जपान ए विभागात येतो आणि भारत सी मध्ये, डीव्हीडीत जपान दोन आणि भारत पाच. विभाग बांधलेली जपानी डिस्क इथल्या साध्या प्लेअरवर चालणार नाही. डिस्कवर सर्व विभागांची खूण असेल तरच पैसे भरा. ऑडिओ सीडीला ही अडचण नाही. 2016 च्या जानेवारीत निप्पॉन बुदोकान सभागृहात झालेल्या मैफलीचं मुद्रण मिळालं तर तेच आधी घ्या. स्टुडिओत दबलेली कोतो तिथे जास्त मोकळी आहे.

शामिसेन विकत घ्यायचा विचार कोणी करत असेल तर चामड्याची चौकशी आधी करावी. पारंपरिक चामडं कुत्र्याचं किंवा मांजराचं, प्रचंड ताणून सरसाने चिकटवलेलं. हवेतला ओलावा झपाट्याने बदलला की ते फाटतं. आपल्याकडे मे महिन्यात 45 अंशांची कोरडी धग आणि जूनअखेरीस एकदम दमट हवा, म्हणजे त्याच्या दृष्टीने सर्वात वाईट मेळ. ढोलकीचं सैल पडलेलं चामडं शेकून ताणता येतं, शामिसेनचं फाटलं की पूर्ण नव्याने मढवावं लागतं, आणि मढवणारा इथे मिळायचा नाही. कृत्रिम पडद्याचीच घ्यावी. सावारीचा झणकार त्यावरही येतो.

वागाक्की बँड कानात मुरल्यावर पुढे योशिदा ब्रदर्सकडे जा. र्योइचिरो आणि केनइची हे दोघे सख्खे भाऊ, होक्काइदोचे, पहिला अल्बम 1999 चा, फक्त शामिसेनच्या जोरावर उभे राहिलेले. त्यांची सुरुवातीची ध्वनिमुद्रणं ऐकली की निनागावाच्या हातात कुठली परंपरा आहे ते कळतं. जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांकडे वळायचं असेल तर द बूम या रॉक गटाचं 'शिमा उता', 1992 चं. तिथलं वाद्य सांशिन, शामिसेनचं जुनं भावंड, पण अजगराच्या कातड्याने मढवलेलं, आवाज मऊ. गाणं ओकिनावाच्या युद्धातल्या मृतांबद्दल आहे, वरातीच्या यादीत टाकू नका. आणि ज्यांना नाचायचंच आहे त्यांनी मिन्यो क्रुसेडर्स या गटाचा 2017 चा अल्बम काढावा. जपानी लोकगीतं लॅटिन अमेरिकी ठेक्यांवर बसवली आहेत, रॉक नाही, पण केरव्याच्या अंगाने ढोलकी त्यावर सहज धरता येते.